देवाचा न्याय आणि हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन



आपल्या देवळाच्या महोत्सवानिमित्त ही स्मरणिका निघत असतां तींत एखाद्या संताचें चरित्र लिहून द्यावें, अशी संपादक मंडळानें मला विनंति केली. संत पुष्कळ आहेत. परंतु लेखणी हातीं घेतांच एकच प्रसंग डोळ्यांपुढें उभा राहिला, आणि कोणत्या संताविषयीं लिहावें तें त्या प्रसंगानेंच ठरवून टाकिलें.

कांहीं वर्षांपूर्वीं मी एका लहान मुलाच्या दफनविधीस उभा होतों. विधि संपला, माती लोटली गेली, माणसें पांगलीं. मुलाचा बाप तेवढा तेथेंच उभा राहिला. देव जर न्यायी आहे, तर ह्या निरपराध जीवानें त्याचें काय वांकडें केलें होतें, असें त्यानें मला विचारिलें. सेमिनरींत ईश्वरविद्येचा अभ्यास करितांना या आक्षेपाचें उत्तर आम्हीं तयार केलेलें होतें. तें मीं तेथल्या तेथें तीन मुद्द्यांत क्रमवार सांगितलें. त्यांत चुकीचें असें कांहींच नव्हतें. त्या गृहस्थानें तें शांतपणें ऐकून घेतलें, मान खालीं घातली, आणि तेव्हांपासून तो देवळांत आला नाहीं.

माझें उत्तर बरोबर असून तें वायां कां गेलें, याचा शोध घेण्याकरितां मीं संत ऑगस्टीन यांचें चरित्र पुन्हां पहिल्यापासून वाचावयास घेतलें. कारण हाच प्रश्न ह्या महापुरुषानें आयुष्यभर झुंजविला. प्रथम आक्षेप घेणारांच्या बाजूनें आणि पुढें श्रद्धावंतांच्या बाजूनें. तें चरित्र आपणांपुढें ठेवितों.

बालपण व विद्याभ्यास

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजीं उत्तर आफ्रिकेंतील तागास्ते या गांवीं झाला. हा गांव आज आल्जीरिया देशांत असून सूक आह्रास या नांवानें ओळखला जातो. त्या काळीं तेथें रोमन बादशाहीचा अंमल होता. बाप पात्रिसियस हा नगरसभेचा सभासद, बेताच्या मिळकतीचा, स्वभावानें तापट व जुन्या रोमन देवतांना मानणारा. आयुष्याच्या अखेरीस मात्र त्यानें बाप्तिस्मा घेतला. आई मोनिका ही एकनिष्ठ ख्रिस्ती स्त्री. मुलगा बुद्धीनें तल्लख, पण शाळेंत छडीला भिणारा व खेळांत रमणारा होता.

सोळा वर्षांचा असतां त्यानें सोबत्यांसह एका रात्रीं शेजारच्या झाडाचीं नासपतीचीं फळें चोरलीं. भूक नव्हती, घरीं याहून चांगलीं फळें होतीं. बहुतेक फळें त्या पोरांनीं डुकरांपुढें फेंकिलीं. वाचकांस ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. परंतु पुढें प्रौढपणीं तिचाच विचार करीत तो तासन्‌तास बसे. गरज नसतां, लाभ नसतां, केवळ वाईट करण्यांत गोडी वाटावी, हें मनुष्याच्या अंतरीं येतें कोठून? दुष्टपणाच्या उगमाचा प्रश्न त्यानें असा स्वतःपासून विचारावयास आरंभ केला.

सतराव्या वर्षीं गांवांतील एका धनिकाच्या मदतीनें तो कार्थेज शहरीं वक्तृत्वशास्त्र शिकावयास गेला. तेथें एका स्त्रीशीं त्याचा विवाहावांचून संबंध जडला व त्यांस एक पुत्र झाला. त्याचें नांव आदेओदातुस, म्हणजे देवानें दिलेला. पुढें सिसेरोचा एक ग्रंथ वाचून सत्याच्या शोधाची तहान त्याला लागली. त्यानें पवित्र शास्त्र उघडून पाहिलें. पण त्याची साधी भाषा त्या अहंकारी तरुणास गांवढळ वाटली.

मानीच्या पंथांत नऊ वर्षें

याच सुमारास मानीच्या पंथानें त्याला ओढून घेतलें. मानी हा तिसऱ्या शतकांत मेसोपोटेमियांत होऊन गेला. जगाचीं मूळ तत्त्वें दोन आहेत, एक प्रकाशाचें व एक अंधाराचें. जें जें वाईट तें सर्व अंधाराच्या राज्यांतून येतें, अशी त्याची शिकवण होती. ह्या मतांत दोन सोयी होत्या. जगांतील दुःखाचा दोष चांगल्या देवाकडे जात नसे. आणि स्वतःच्या पापाचा दोष स्वतःकडे येत नसे, कारण पाप करणारा मी नव्हे, माझ्यांतला अंधार, असें म्हणतां येई. ऑगस्टीन नऊ वर्षें या पंथाचा श्रोता राहिला. वादविवादांत तो साध्याभोळ्या ख्रिस्ती लोकांस देवाच्या न्यायाविषयीं कूट प्रश्न विचारून निरुत्तर करी, आणि त्यांत त्याला मोठा विजय वाटे.

तागास्ते येथें शिक्षक असतां त्याचा एक जिवलग मित्र तापानें बेशुद्ध झाला. घरच्यांनीं त्याला तशाच स्थितींत बाप्तिस्मा दिला. शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीननें त्या बाप्तिस्म्याची थट्टा आरंभिली. तेव्हां त्या मित्रानें, मैत्री टिकवावयाची असेल तर असें बोलूं नकोस, अशी त्याला कडक ताकीद दिली. थोड्याच दिवसांत ताप उलटला व मित्र वारला. ऑगस्टीनला गांव खावयास उठला. ज्या ज्या वाटेनें दोघे हिंडले ती ती वाट त्याला असह्य झाली. प्रकाश आणि अंधार यांचें सारें तत्त्वज्ञान जवळ असून त्यांतील एकही वाक्य त्या दुःखांत त्याच्या उपयोगीं पडलें नाहीं. अखेर तो गांव सोडून कार्थेजला निघून गेला.

पंथाचा फाउस्तुस नांवाचा बिशप सर्व शंका फेडील, असें त्याला सांगण्यांत आलें होतें. तो आला; मनुष्य गोड बोलणारा व सभ्य होता. पण प्रश्न पुढें ठेवितांच आपणांस यांतलें ज्ञान नाहीं, हें त्यानें मोकळेपणानें कबूल केलें. त्याच्या प्रामाणिकपणाविषयीं ऑगस्टीनला आदर वाटला. पंथावरचा विश्वास मात्र उडाला.

संशय व परिवर्तन

३८३ सालीं तो रोमला निघाला. आई बरोबर येण्याचा हट्ट धरील म्हणून त्यानें तिला बंदरावर फसविलें. ती रात्रभर संत सिप्रियन यांच्या स्मारकमंदिरांत प्रार्थना करीत असतां तो गलबतांत बसून निघून गेला. रोममध्यें त्याचें मन संशयवादी तत्त्वज्ञांकडे झुकलें. मनुष्याला कोणतेंच सत्य निश्चित कळत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. ३८४ सालीं मिलान शहरीं त्याला वक्तृत्वाच्या अध्यापकाची मोठी सरकारी जागा मिळाली. तेथें बिशप संत आंब्रोज यांचीं प्रवचनें तो ऐकूं लागला. प्रथम केवळ भाषेसाठीं, मग अर्थासाठीं.

प्लेटोच्या परंपरेंतील कांहीं ग्रंथ वाचून त्याच्या बुद्धीची मोठी गांठ सुटली. वाईट ही कोणी स्वतंत्र वस्तु नव्हे, तर चांगल्यांत पडलेली उणीव होय, हें त्याला उमजलें. आपल्या कोळी बांधवांस हें सहज समजेल. जाळ्याला पडलेलें भगदाड कांहीं सुतानें विणलेलें नसतें. तेथें सूत नाहीं म्हणूनच तें भगदाड. तरी सारी मासळी त्यांतूनच निघून जाते. भगदाड खरें, नुकसानही खरें. पण जाळें विणणारानें तें विणलेलें नव्हे.

बुद्धीला वाट सांपडली तरी इच्छा अडून बसली होती. ३८६ सालच्या उन्हाळ्यांत, मिलान येथील एका बागेंत, आपल्या दुबळेपणाबद्दल तो रडत असतां शेजारून एका मुलाचा आवाज त्याच्या कानीं आला. उचलून वाचण्याविषयींचे ते शब्द त्यानें देवाची आज्ञा मानिली. संत पौल यांचीं पत्रें उघडून जो भाग प्रथम दिसला तो वाचितांच त्याची झुंज संपली. ३८७ सालीं पुनरुत्थानाच्या सणाच्या जागरणरात्रीं संत आंब्रोज यांनीं त्याला, त्याच्या पुत्राला व त्याचा मित्र आलिपियुस याला बाप्तिस्मा दिला. येथून पुढें त्यांचा उल्लेख आदरानें करणें प्राप्त आहे.

बाप्तिस्मा घेतला म्हणून दुःख टळलें नाहीं. त्याच वर्षीं आफ्रिकेस परततांना ओस्तिया बंदरांत मोनिका ५६ व्या वर्षीं वारली. पुढें दोनतीन वर्षांत आदेओदातुसही गेला. वय अवघें सोळासतरा. त्याच्या बुद्धीचें बापाला भय वाटावें, इतका तो तेजस्वी होता. ज्या बापाला आपण आज देवाच्या न्यायाचा मोठा आचार्य म्हणतों, त्यानेंही आपलें लेंकरूं मातींत ठेविलें होतें, ही गोष्ट मीं तरी सेमिनरींत असतां कधीं नीट ध्यानांत घेतली नव्हती.

हिप्पो येथील जाहीर वाद

३९१ सालीं ऑगस्टीन हिप्पो या बंदराच्या गांवीं गेले असतां लोकांनीं त्यांना देवळांतच धरिलें व वृद्ध बिशप वालेरियुस यांच्यापुढें उभें करून त्यांना धर्मगुरु करविलें. ते रडत होते, पण लोक ऐकेनात.

पुढच्याच वर्षीं त्या गांवांत फोर्तुनातुस नांवाचा मानीपंथी उपदेशक पुष्कळ लोकांस आपल्याकडे वळवीत होता. तेव्हां कॅथलिक आणि डोनातुसच्या फुटीर पंथाचे लोक, दोघांनींही ऑगस्टीन यांना वादास उभें राहण्याची विनंति केली. ३९२ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २८ व २९ तारखांस, सोसियुसच्या स्नानगृहांत, गर्दीसमोर हा वाद झाला, आणि लघुलेखकांनीं तो उतरून घेतला.

फोर्तुनातुसचें म्हणणें असें कीं, वाईट जर देवाकडून येत नाहीं तर त्याचें दुसरें मूळ असलेंच पाहिजे. आत्मा अंधाराशीं लढावयास देवानें पाठविला आहे, आणि मनुष्य पाप करितो तो परवशतेनें. ऑगस्टीन यांनीं उलट एकच प्रश्न पुनःपुन्हां विचारला. देवाला जर कोणी इजा करूंच शकत नाहीं, तर आत्म्याला त्यानें ह्या हालांत कां लोटावें? आणि इजा होऊं शकते म्हणावें, तर तो देव कसला? परवश मनुष्यास पाप लागत नाहीं; पाप लागतें तें स्वतंत्र इच्छेनें केलेल्या कृत्याला. देवानें मनुष्याला गुलाम न करितां स्वतंत्र केलें, आणि त्या स्वातंत्र्याच्या दुरुपयोगांतून दुष्टपणा जन्मास आला, असें त्यांनीं मांडलें. दुसऱ्या दिवशीं फोर्तुनातुस निरुत्तर झाला. आपल्या वडीलधाऱ्यांस विचारून पाहीन, असें म्हणून तो गांव सोडून गेला व पुन्हां परतला नाहीं.

परंतु लक्षांत घ्या, तो हरला तरी पालटला नाहीं. पुढें ४०४ सालीं फेलिक्स नांवाचा दुसरा मानीपंथी वादांत उतरला व अखेर मानीच्या मतांचा धिक्कार करून त्यानें सही केली. एक निघून गेला, एक आला. वादाची शक्ति आणि वादाची मर्यादा या दोन गोष्टींत दिसून येते.

रोमचा पाडाव

३९५ सालच्या सुमारास ते बिशप झाले, आणि पुढील पस्तीस वर्षें त्याच गांवीं त्यांनीं सेवा केली. २४ ऑगस्ट ४१० रोजीं आलारिकच्या गॉथ सैन्यानें रोम घेतलें आणि तीन दिवस लुटलें. आठशें वर्षें ज्या नगरांत परका शत्रु शिरला नव्हता, तें पडल्याचें ऐकून सारें जग हादरलें. निर्वासितांचीं गलबतें आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागलीं. जुन्या देवतांना मानणारे सरदार विचारूं लागले कीं, त्या देवतांच्या काळीं रोम अजिंक्य होतें. ख्रिस्ताच्या काळीं तें पडलें. मग तुमचा देव दुबळा कीं अन्यायी? आणि ख्रिस्ती लोकही आंतून विचारीत होते कीं, प्रेषितांच्या कबरी ज्या नगरांत, तेथेंच हें कसें घडलें?

आक्षेप घेणारांत वोलुसियानुस नांवाचा रोममधील थोर घराण्यांतला विद्वान होता. त्याची आई ख्रिस्ती होती. तो स्वतः सभ्य, पण संशयी होता. त्याचा व ऑगस्टीन यांचा पत्रव्यवहार ४१२ च्या सुमारास झाला. दोघांच्या मध्यें मार्सेलिनुस नांवाचा बादशहाचा ख्रिस्ती अधिकारी होता. ह्या सज्जन गृहस्थानें सर्व आक्षेपांचें सविस्तर उत्तर लिहिण्याची विनंति केली. त्यांतून ‘ईश्वराचें नगर’ हा ग्रंथ निर्माण झाला. ४१३ सालीं आरंभ झाला व ४२६ सालीं बाविसावें पुस्तक पुरें झालें.

त्यांतील प्रतिपादन थोडक्यांत असें. ऐहिक सुखदुःख हें देवाच्या निकालाचें पत्रक नव्हे. तें चांगल्यांस व वाईटांस सारखेंच येतें. कारण सुख केवळ सज्जनांसच मिळतें असें असतें, तर लोकांनीं देवाची भक्ति देवासाठीं न करितां सुखासाठीं केली असती. भेद दुःखांत नसून दुःख सोसणारांत असतो. आपल्या किनाऱ्यावर एकच पाऊस शेतांतलें भात रुजवितो आणि मिठागरांतली उघडी रास विरघळवितो. पाऊस एक, पण खालीं काय आहे त्यावर सारें अवलंबून. अंतिम न्याय ह्या जगांत पुरा होत नाहीं, म्हणून तो नाहींच असें ठरत नाहीं. ज्या स्त्रियांवर शत्रूंनीं अत्याचार केले, त्यांस बोल लावणारे लोक तेव्हांही होते. ऑगस्टीन यांनीं पहिल्याच पुस्तकांत निक्षून सांगितलें कीं, ज्या कृत्यास मनाची संमति नाहीं त्याचा कलंक त्या स्त्रियांस लागत नाहीं. पीडितास अपराधी ठरविणें हा देवाचा न्याय नव्हे.

ग्रंथाचीं पहिलीं पुस्तकें लिहून होत असतांच कसोटी दारीं आली. मार्सेलिनुसवर राजद्रोहाचा खोटा आळ आला. ऑगस्टीन यांनीं त्याच्यासाठीं खटपट केली, तुरुंगांत त्याची भेट घेतली, आणि त्याला सोडतील अशा आशेवर ते होते. १३ सप्टेंबर ४१३ रोजीं त्याचा शिरच्छेद करण्यांत आला. देवाच्या न्यायाविषयीं ज्यानें ग्रंथ मागितला, तोच अन्यायानें मारला गेला. ऑगस्टीन यांनीं ताबडतोब कार्थेज सोडलें. पण लेखणी खालीं ठेविली नाहीं. ग्रंथ पुढें तेरा वर्षें चालला.

जेथें उत्तर संपलें

आतां त्या बापाच्या प्रश्नाकडे येतों. ४१५ सालीं ऑगस्टीन यांनीं बेथलेहेम येथें संत जेरोम यांना एक लांब पत्र पाठविलें. प्रौढ मनुष्याच्या दुःखाला शिक्षा म्हणतां येईल, परीक्षा म्हणतां येईल. परंतु ज्या तान्ह्या मुलांनीं कांहींच पाप केलें नाहीं, तीं रोगांनीं तळमळतात त्याचें काय, असा प्रश्न त्यांनीं त्यांत घातला. या ठिकाणीं आपण पेचांत पडतों व काय उत्तर द्यावें तें आपणांस कळत नाहीं, अशी त्यांनीं कबुली दिली, आणि जेरोम यांच्याकडे प्रकाश मागितला. समाधानकारक उत्तर त्यांना मिळालें नाहीं. फोर्तुनातुसला दोन दिवसांत निरुत्तर करणारा वादपटु बिशप एका लेंकराच्या दुःखापुढें स्वतः निरुत्तर झाला, आणि तें लपविलें नाहीं.

ऑगस्टीन यांचा प्रत्येक शब्द ख्रिस्तसभेनें शेवटचा मानिला असेंही नाहीं. बाप्तिस्म्यावांचून मेलेल्या बालकांविषयीं त्यांचें मत फार कठोर होतें. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथानें अशा बालकांना देवाच्या दयेवर सोंपवून त्यांच्या तारणाची आशा धरावयास सांगितलें आहे. त्याचप्रमाणें डोनातुसच्या पंथीयांस केवळ युक्तिवादानें जिंकावें असें जें त्यांचें पहिलें मत होतें, तें सोडून पुढें त्यांनीं सरकारी सक्तीला संमति दिली. हा दोष झांकण्याचें कारण नाहीं. संतही मनुष्यच असतो.

अखेरचे दिवस

४३० सालीं वांडाल टोळ्यांनीं हिप्पोला वेढा घातला. ऑगस्टीन यांच्या डोळ्यांदेखत अनेक गांवें जळालीं व देवळें ओस पडलीं. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यांत त्यांना ताप आला. पश्चात्तापाचीं स्तोत्रें लिहवून त्यांनीं भिंतीवर लाविलीं, आणि बिछान्यावरून तीं वाचीत ते अश्रु ढाळीत. २८ ऑगस्ट ४३० रोजीं, ७६ व्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. मृत्युपत्र केलें नाहीं, कारण मागें ठेवण्यासारखी मिळकतच नव्हती. त्यांच्या नियमानें चालणारा संघ पुढें जगभर पसरला. १५७२ सालीं तो गोव्यास आला, आणि जुन्या गोव्यांतील त्यांच्या देवळाच्या घंटाघराचा उरलेला भाग आपल्यापैकीं यात्रेस गेलेल्या पुष्कळांनीं पाहिला असेल. ८ मे २०२५ रोजीं निवडले गेलेले पोप लिओ चौदावे हे त्याच संघांतले.

परंतु मला ह्या चरित्राचा शेवट ४३० सालीं वाटत नाहीं. तो ४३७ सालीं आहे. संशयी वोलुसियानुस ऑगस्टीन यांच्या उत्तरांनीं पालटला नव्हता. पंचवीस वर्षें तो तसाच राहिला. म्हातारपणीं वकिलातीच्या कामानें तो कॉन्स्टँटिनोपलला गेला असतां त्याची भाची संत मेलानिया जेरुसलेमहून एवढा लांबचा प्रवास करून त्याच्याकडे आली. ही मेलानिया तरुणपणीं तागास्ते येथें राहिलेली व ऑगस्टीन यांच्या परिचयाची. मामा आजारी पडला. ती त्याच्याजवळ राहिली. अखेर त्यानें बाप्तिस्मा मागून घेतला, आणि थोड्याच वेळांत त्याचा अंत झाला. ऑगस्टीन यांच्या पत्रांनीं बीज पेरलें असेल; पण पाणी घातलें तें शेजारीं बसून राहणाऱ्या भाचीनें.

माझी चूक मला येथें कळली. माझ्या उत्तरांत खोटें कांहीं नव्हतें. पण तें ज्या क्षणीं दिलें तो क्षण उत्तराचा नव्हता, जवळ उभें राहण्याचा होता. देवाच्या न्यायाविषयीं प्रश्न विचारणें म्हणजे पाप नव्हे. ज्याचा देवावर मुळींच भरंवसा नाहीं तो देवाकडे न्याय मागत नाहीं. आणि आपण क्रूसासमोर गुडघे टेकतों तेव्हां एका निरपराध पुत्राच्या मरणासमोरच टेकतों, हें त्या बापास सांगण्यापूर्वीं मीं स्वतः आठवावयास हवें होतें.

त्या गृहस्थाच्या घरीं मी आतां अधूनमधून जातों. मुद्दे घेऊन जात नाहीं. चहा होतो, पावसापाण्याच्या गोष्टी होतात, भिंतीवरच्या त्या लहान तसबिरीकडे आम्ही दोघेही पाहतों. तो अद्याप देवळांत आलेला नाहीं. महोत्सवाचें आमंत्रण मीं स्वतः नेऊन दिलें आहे. आपल्या धर्मग्रामांत अशीं आणखीही घरें असतील. महोत्सवाची रोषणाई चालू असतां त्या घरांचीं दारें आपण विसरूं नयेत, अशी माझी सर्वांस हात जोडून विनंति आहे.

संत मोनिका व संत ऑगस्टीन आपणां सर्वांसाठीं विनवणी करोत. आमेन.